नऊशे मीटरच्या अलीकडे

हिराजी नाना दुपारचे झोपले की गळ्यात एक लाल पाटी अडकवतात. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' रोह्याकडच्या एका कंपनीत त्यांनी मेंटेनन्सला तीस वर्षं काढली. निवृत्त होताना माणसं शाल आणतात, घड्याळ आणतात. यांनी स्टोअरवाल्याशी गोड बोलून अशा दीड डझन पाट्या आणल्या. त्यातली एक घरच्या मिक्सरला असते, एक मोरीतल्या नळाला, आणि म्हैस व्यायली तेव्हा आठवडाभर एक म्हशीच्या शिंगाला होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते या पाटीसकटच. कासू स्टेशनला उतरून खाडीच्या बाजूला चालायला लागलं की आधी भातशेतं संपतात, मग खारी जमीन लागते, आणि मग काहीच लागत नाही. तिथे एक पत्र्याची शेड. टळटळीत दुपार, चिटपाखरू नाही, वाऱ्याने कुठलीतरी तार एकसारखी गुणगुणत होती. शेडमध्ये एक विमान, आणि विमानाच्या पंखाखाली सतरंजीवर उताणा एक म्हातारा, डोळे अर्धे उघडे, गळ्यात लाल पाटी.

"नाना?" मी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. पुन्हा मारली. वाकून दोन बोटं त्यांच्या नाकापाशी धरली.

"पाटी वाचता येत नाय काय?" म्हातारा ओठ न हलवता म्हणाला.

मी जो मागे उडालो तो डोकं विमानाच्या शेपटीवर आपटूनच थांबलो. आमची ओळख झाली ती अशी.

माझं पेणला एसटी स्टँडच्या मागे दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, काय बिघडेल ते. बढाई नाही मारत, पण माझ्या हातून दुरुस्त न होता परत गेलेला एकच टीव्ही आहे, आणि तोही पुरात दोन दिवस बुडालेला होता. नानांनी कुणाकडून तरी माझं नाव ऐकलं आणि फोन केला, "विमानातला जीपीएस मधेच मरतो. येतोस काय बघाया?" मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. म्हणून तर गेलो.

विमान खरं होतं. नळ्या, कापड, परदेशातून मागवलेलं इंजिन, शेजारीशेजारी दोन खुर्च्या. शेडचे पत्रे खांब गावच्या भंगारवाल्याकडचे, विमान मात्र सगळं नवं आणि सगळं नानांच्या हातचं. बारा वर्षं लागली. परवानगीच्या कागदांची फाईल विमानापेक्षा जड झाली होती, तिच्यावरही एक लाल पाटी होती. आजूबाजूचे लोक त्याला 'म्हाताऱ्याचा पतंग' म्हणत. नानांच्या बायको, चांगुणाकाकू, तर त्याला काहीच म्हणत नसत. शेडमध्ये पाऊल टाकत नसत. दारातून डबा आत सरकवायच्या आणि विचारायच्या, "उडालं काय? नाय ना? मग जेवून घ्या."

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर नानांना त्यांचं गाव बघायचं होतं. गाव म्हणजे मधलापाडा. खाडीला लागून होतं. भरतीचं पाणी अडवणारा मातीचा बांध फुटला, एकदा नाही, दर साली फुटत गेला, आणि एका वर्षी माणसंच दमली. पाणी आत आलं ते आलंच. आज तिथे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांचं रान आहे. चालत जावं तर कमरेएवढा चिखल, होडीने जावं तर तिवरांत वाट नाही. शेडपासून नीट बघितलं तर शेंडे झडलेली चार-पाच माडाची झाडं दिसतात, नुसते खांब. गावाची म्हणून तेवढीच खूण उरली आहे.

"वरनंच दिसंल," नाना म्हणत. आणि घाई होती. नानांना काचबिंदू झाला होता. "कडेचं गेलंय," ते डोळ्यांपुढे दोन्ही हातांची नळी करून दाखवत, "मधलं हाय. मधलं ट्रिप व्हायच्या आत उरकाया पायजे." नानांच्या जगात काहीही बंद पडलं की ते ट्रिप होतं. वीज ट्रिप होते, गाडी ट्रिप होते, शेजारचा धर्मा म्हातारा वारला तेव्हा त्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून नाना म्हणाले होते, "बाबा ट्रिप झाले. चालायचंच."

नानांना स्वतःला उडवायची परवानगी नव्हती, डोळ्यांमुळे मिळणारही नव्हती. एक निवृत्त कॅप्टन तयार झाले होते. ते उडवणार, नाना शेजारी बसणार. कॅप्टनसाहेबांची अट एकच. जमिनीवर तीनदा पूर्ण धाव घ्यायची आणि तिन्ही वेळा एकाही यंत्राने डोळे मिटता कामा नयेत. मिटले तर आपण विमानात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मेअखेरचा एक रविवार ठरला होता. त्यानंतर पावसाळा, मग ती जमीन पार दिवाळीपर्यंत चिखल, आणि दिवाळीपर्यंत नानांचं मधलं टिकेल असं पनवेलचा डॉक्टरसुद्धा सांगत नव्हता.

आता बिघाड काय होता ते ऐका. शेडपुढे खाडीच्या दिशेने जाणारा कडक वाळलेल्या जमिनीचा पट्टा, तीच धावपट्टी. जीपीएसमध्ये नानांनी गावाचा एक पॉइंट भरून ठेवला होता. पट्टा सुरू होतो तिथे पडद्यावर त्या पॉइंटचं अंतर दिसे चौदाशे मीटर. नाना इंजिन चालू करून जमिनीवरूनच विमान पळवत. तेराशे, बाराशे, हजार. नऊशेच्या आसपास पडदा कोरा. 'सिग्नल नाही.' विमान थांबवून, खाली उतरून हाताने वळवून परत येईस्तोवर सिग्नल हजर, जसं काही झालंच नाही.

"नऊशेच्या अलीकडे येतं," नाना म्हणाले, "पलीकडे जात नाय."

मी हसलो. लूज कनेक्शन, आणखी काय! यंत्र काढून दुकानात आणलं, खिडकीत ठेवलं. तीन दिवस, तीन रात्री एक क्षण मेलं नाही. परत नेऊन बसवलं. नऊशेला मेलं.

मग आम्ही हात धुऊन मागे लागलो. नानांचा मंत्र होता, "आधी आयसोलेट कर!" म्हणजे एकेक गोष्ट बाजूला काढून बघ. बॅटरी बदलली. मोबाइलचा चार्जर काढला. रेडिओ बंद केला. आकाशातला सिग्नल धरणारी ती छोटी डबी, म्हणजे अँटेना, नवा आणला. प्रत्येक वेळी नाना कंपनीतल्यासारखं रजिस्टर भरत. 'पहिली शिफ्ट. अंतर ९१०. सिग्नल गेला. वारा पश्चिम. मेकॅनिक दिलीप हजर, उपयोग शून्य.' हे शेवटचं मला वाचून दाखवत.

मग मी म्हटलं, इंजिनामुळे होत असेल. इंजिन बंद ठेवून विमान न्यायचं कसं? नानांनी शेजाऱ्याचे बैल आणले. विमानाला बैल जुंपलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. नाना आत बसलेले, सरळ, गंभीर, बैलवाला पुढे "हैक हैक" करतोय, आणि मी पंखाला धरून चालतोय. चांगुणाकाकू शेताच्या बांधावरून बघत होत्या. तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. नऊशे पाचला बैल आपोआप थबकले. कान टवकारले, पुढे पाऊल टाकीनात. आतून नानांचा आवाज आला, "गेला सिग्नल."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. बैलांना चिखलाचा वास आला असेल, मला कळतं. पण त्या ओसाड जागी, डोक्यावर ऊन, समोर ते बोडके माड, आणि सगळं एकदम चिडीचूप झालेलं. बैलवाला बैल सोडता सोडता हळूच म्हणाला, "ती जागा बरी नाय, शेट. आमी गुरं पन तिकडं सोडीत नाय."

"असलं काय नसतं," मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो.

त्याहून वाईट पुढेच होतं. एक दिवस नानांना पाठीत उसण भरली, म्हणून मीच आत बसलो आणि चार माणसांनी विमान ढकललं. हजार. नऊशे. आठशे साठ. पट्टा संपला, यंत्र ठणठणीत! मी आनंदाने ओरडत उतरलो. दुसऱ्या दिवशी नाना बसले, नऊशे बाराला कोरा पडदा. पुन्हा मी बसलो, चालू. पुन्हा नाना, बंद. तेच यंत्र, तीच वायर, तीच जागा.

त्या संध्याकाळी नानांनी रजिस्टर उघडलं, पेन हातात धरलं आणि काहीच लिहिलं नाही. "तुला बघून चालतंय," ते म्हणाले, "मला बघून मरतंय."

"नाना, यंत्राला माणूस ओळखता येत नाही."

"यंत्राला नाय येत," नाना म्हणाले. मग खाडीकडे हनुवटी केली. "तिकडनं कोन नको म्हनत आसंल तर?"

मी चिडलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो आणि घाबरलो की मी चिडतो. म्हटलं, तीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस, असलं काय बोलता! पण परतीच्या गाडीला फलाटावर उभा होतो तेव्हा मी खाडीकडे पाठ करून उभा होतो.

कॅप्टनसाहेबांच्या रविवारला चार दिवस राहिले. एकच गोष्ट करायची राहिली होती, आणि ती मी महिनाभर टाळत होतो. नानांच्या शेजारी बसायचं, इंजिन चालू, धाव पूर्ण वेगात. मी टाळत होतो कारण माझी छाती होत नव्हती. दुकानात स्टुलावर चढायचं असलं तरी मी गिऱ्हाइकालाच चढवतो. पण माझ्याच हातून हे असं अर्धवट राहणार, हे मला झोपू देईना. गेलो. कमरेचा पट्टा आवळला, देवाचं नाव घेतलं, आणि ठरवलं की यंत्राकडे बघायचंच नाही. यंत्र महिनाभर बघून झालं होतं. नानांकडे बघायचं.

निघालो. हाडं खिळखिळी होत होती. बाराशे, नाना ताठ. हजार, नानांचे ओठ हलायला लागले. साडेनऊशे. आणि मग मी पाहिलं. नानांनी डाव्या पायाने उजव्या पायातला बूट टाचेला दाबून काढला, मग उजव्याने डावा. कंपनीतले ते जाडजूड, पुढे लोखंडी वाटी बसवलेले बूट; नाना ते लग्नालासुद्धा घालत. दोन्ही बूट त्यांनी टाचेनेच मागे, खुर्चीखाली ढकलले. डोळे समोर, हात दांड्यावर. पायांनी काय केलं ते त्यांना ठाऊकही नसावं.

पडदा कोरा.

"नाना, थांबवा!" मी बोंबललो. इंजिन बंद झालं. मी खुर्चीखाली डोकं घातलं. बुटाची लोखंडी वाटी अँटेनाच्या वायरच्या जोडावर रुतून बसली होती. जोड खाऱ्या हवेने आधीच गंजून ढिला. बूट मागे गेला की जोड सुटणार. उतरण्यासाठी बूट ओढून घेतला की पुन्हा बसणार. महिनाभराचं भूत एका बुटात होतं! मला हसू आवरेना.

"नाना, अहो, बूट का काढता?"

"कंचे बूट?" ते म्हणाले, आणि आपल्याच अनवाणी पायांकडे असे बघायला लागले की माझं हसू थांबलं. रजिस्टरमध्ये वाऱ्याची दिशा होती, बैलांचा रंग होता, माझा उपयोग शून्य होता. बूट नव्हते.

"सवय लागली आसंल," ते पुटपुटले. मग पाय जवळ ओढून म्हणाले, "तिच्यावरनं बूट घालून जायाचं काय रं?"

"कुणावरून?"

पुढे माडांच्या एका खांबावर बगळा येऊन बसला. नाना त्याच्याकडे बघत बोलले, मला सांगत नसल्यासारखे. त्यांना पहिली मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. काकू बाळंतिणीच्या खोलीत, त्यांना उठू दिलं नाही. नानांनीच पोरीला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि बांधाच्या पोटाशी, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची दारं होती तिथून बावीस पावलांवर ठेवलं. बांध होता तोवर येता-जाता तिथे चप्पल काढत. मग बांध गेला. दारांचे दोन सिमेंटचे खुंट तेवढे मोबाइलच्या नकाशावर वरून दिसतात. तिथून बावीस पावलं मोजून तो पॉइंट त्यांनी भरला होता.

"गाव नव्हे मग," मी म्हणालो.

"गाव काय बघायचंय? पानीच हाय." नानांनी कोऱ्या पडद्यावरून बोट फिरवलं. "पॉइंट भरताना ह्ये यंत्र नाव इचारतंय. काय देनार? बारावा दिवस नाय उजाडला, बारसं कुठलं? मग त्यानंच दिलं, शून्य शून्य एक." मग म्हणाले, "मला वाटलं तीच नको म्हनते. म्हनत आसंल, पानी आलं तवा बाप न्यायला आला नाय. आता कशाला येतो?"

मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी पुन्हा खुर्चीखाली डोकं घातलं.

"चांगुणाला बोलू नको," वरून आवाज आला. "ती त्या इषयावर बोलत नाय. चाळीसच्या वर वर्षं झाली, येक शब्द नाय."

नाना, बूट काढू नका, एवढं सांगून काम भागलं असतं. मला ते तोंडातून काढवेना. मी नवीन वायर आणली, वरच्या नळीतून डोक्यावरून फिरवली, नवा जोड लावला, तो खाऱ्या हवेपासून गुंडाळून टाकला. खाली पायांशी काहीच ठेवलं नाही. नाना तीन वेळा धावले. तीनदा बूट काढले. आठशे साठपर्यंत पडदा लखलखीत.

रविवारी सकाळी सातला कॅप्टनसाहेब आले, सगळं बघितलं, तीन धावा घेतल्या आणि मान डोलावली. नाना शेजारी बसले. मला खाली एक रेडिओ दिला होता. विमान सुटलं, उड्या मारत गेलं, आणि मग उड्या थांबल्या. म्हाताऱ्याचा पतंग चक्क वर! मी वेड्यासारखा टाळ्या पिटत होतो. मागे बघतो तर चांगुणाकाकू पट्ट्यावर आलेल्या. कधी शेडच्या आत न शिरलेली बाई, पदर कमरेला खोचून माझ्या शेजारी उभी.

रेडिओवर नाना आकडे वाचत होते. "नऊशे. आठशे. साडेसहाशे." आकडा झरझर उतरत होता. "चारशे. दोनशे. साठ. तीस." दूर तिवरांवर ते इवलंसं विमान गोल वळायला लागलं होतं.

काकूंनी माझ्या हातातला रेडिओ काढून घेतला. "ह्ये दाबून बोलायचं काय?" आणि दाबलं. "आवं, आलं काय?"

आधी नुसती घरघर. "आलं गो. तू कशी काय..."

"मला ठावं नाय काय? गाव बघाया कोन बारा वर्षं नळ्या जोडतो? काय दिसतंय?"

"तिवरं हायत. हिरवीगार. मधी पानी."

"सावली हाय काय?"

"हाय. लय हाय."

काकूंनी मान हलवली, जणू नाना समोरच होते. "मग हाक मारा तिला. मंदा म्हना."

"कोन मंदा?"

"तुमची लेक, कोन काय इचारताय! तुमी सगळी बारशाला थांबलेलात. मी पयल्याच दिशी ठेवलेलं नाव. कानात सांगितलेलं तिच्या." त्यांनी बटण सोडलं.

रेडिओ गप्प झाला. मला वाटलं, यंत्र पुन्हा मेलं. विमान तिवरांवर एक वळसा वळलं, दुसरा वळलं. खालून बगळ्यांचा थवा उठला आणि पांगला. मग नानांचा आवाज आला, तीस वर्षं मशिनींच्या गोंगाटावरून ओरडून घोगरा झालेला, पण आता अगदी हळू, झोपलेल्या पोराला उठवताना करतात तसा.

"मंदा... मंदे... गो मंदा..."

काकूंनी रेडिओ छातीशी धरला, बटणाला हात लावला नाही, आणि खाडीकडे तोंड करून हळूच ओ दिली.